मुलांच्या हाती कॅमेरा: घरच्या घरी फोटो आणि छोटी फिल्म शिकवण्याची सुरुवात

मुलांना फोटोग्राफी शिकवायची म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न असतो: कॅमेरा कुठला घ्यायचा? सध्या कुठलाच घेऊ नका. कपाटात पडलेला, बॅटरी जेमतेम दोन तास टिकणारा जुना स्मार्टफोन या कामाला पुरतो. त्यातलं सिम काढा, गेम आणि गप्पांची ॲप्स उडवा, जागा रिकामी करा आणि मुलाला सांगा की हा आता फोन नाही, कॅमेरा आहे. मुलं हा फरक फार मनावर घेतात. रोजच्या वापरातलाच फोन द्यावा लागत असेल तर फ्लाइट मोडवर टाकून द्या, नाहीतर ऐन शूटिंगमध्ये कुणाचा तरी कॉल येतो आणि सगळं मुसळ केरात.

खरी अडचण यंत्राची नसतेच. आजचा फोन फोकस, उजेड, रंग सगळं आपापलं बघून घेतो. बटण दाबलं की बरा फोटो येतो. त्यामुळे मूल एका दुपारी शेकडो फोटो काढतं आणि त्यातला एकही पुन्हा बघत नाही. शिकवायची असते ती निवड: कुठे उभं राहायचं, कधी बटण दाबायचं, चौकटीत काय घ्यायचं, काय बाहेर ठेवायचं आणि काढलेल्यातलं काय टाकून द्यायचं. म्हणून खालच्या बहुतेक खेळांत मुद्दाम काहीतरी काढून घेतलं आहे. कधी फोटोंची संख्या, कधी कॅमेऱ्याची हालचाल, कधी आवाज. मोकळं रान मिळालं की मुलं निवडायच्या भानगडीत पडत नाहीत.

वयाचं म्हणाल तर पाच-सहा वर्षांच्या मुलाला फोटोंपर्यंतचे टप्पे भरपूर झाले. आठच्या पुढची मुलं स्टॉप मोशन, म्हणजे एकेक फोटो जोडून वस्तू चालवून दाखवणं, आरामात करतात. एडिटिंग दहाच्या आसपास, आणि तेही मुलाने स्वतःहून विचारलं तर. हे आकडे ढोबळ आहेत.

एक नियम मात्र मोठ्यांसाठी आहे. मुलाच्या हातातला कॅमेरा काढून घ्यायचा नाही. 'थांब, मी करून देतो' म्हणत आपण फोन घेतला की तो फोटो आपला होतो आणि मूल बाजूला उभं राहतं. दाखवायचंच असेल तर दुसऱ्या फोनवर आपला वेगळा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. नाहीतर विचारा, 'इथून काय दिसतंय? खाली बसलास तर काय दिसेल?' या दोन प्रश्नांवर बरेच दिवस निभावतं.

खोलीचाच कॅमेरा करा

चित्र फोन तयार करत नाही, प्रकाश करतो, हे आधी कळू द्या. बाहेर कडक ऊन असेल असा दिवस निवडा. एका खोलीच्या सगळ्या खिडक्या काळ्या कागदाने, पुठ्ठ्याने, जाड चादरींनी बंद करा. दाराखालच्या फटीतूनही उजेड येता कामा नये. उन्हातलं दृश्य समोर असलेल्या खिडकीच्या पुठ्ठ्याला साधारण एक सेंटिमीटर व्यासाचं गोल भोक पाडा. दिवे घालवा आणि पाच-दहा मिनिटं नुसते बसून राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. समोरच्या भिंतीवर बाहेरचं दृश्य उमटलेलं दिसेल, उलटं, रंगीत आणि हलतं. झाड खाली डोकं वर पाय, आकाश तळाशी. चित्र फार फिकं वाटलं तर पांढरा कागद हातात धरून भोकाच्या जवळ न्या. चित्र लहान होईल, पण उजळेल.

असं का होतं, हे कागदावर दोन रेघा मारून सांगता येतं. प्रकाश सरळ रेषेत जातो. शेंड्यावरून निघालेला किरण भोकातून आत येतो तो खाली पोचतो, बुंध्यावरून निघालेला वर. आता भोक मोठं करून बघा: उजेड वाढतो, पण कडा धूसर होतात. लहान केलं तर कडा रेखीव होतात, पण चित्र अंधुक. दोन्ही एकदम हवं म्हणून भोकात भिंग बसवावं लागलं. फोनच्या पाठीवर दिसते ती लेन्स म्हणजे तेच भिंग. घरातल्या कुणाला तरी बाहेर उड्या मारायला पाठवा. भिंतीवर उलटा माणूस छताला पाय टेकवून उड्या मारताना दिसला, की पुढचं सगळं शिकवणं सोपं जातं.

भोकातून थेट सूर्याकडे बघू द्यायचं नाही, हे आधी बजावा. डोळा लावून बघायचा जुना कॅमेरा हाती लागला तर त्यातूनही सूर्याकडे बघायचं नाही.

धरायचं कसं

हे पाच मिनिटांत आटपा. लेन्स मऊ कापडाने पुसायची. धुरकट फोटोंचं कारण बहुतेक वेळा लेन्सवरचे बोटांचे ठसे हेच असतं. फोन दोन्ही हातांत, कोपरं अंगाला टेकलेली, बटण हलकेच. स्क्रीनवरचं बटण दाबताना हात हलत असेल तर आवाज कमी-जास्त करायच्या बाजूच्या बटणानेही बहुतेक फोनांत फोटो निघतो. मनगटात अडकवायला दोरी बांधा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघा, सुरू करा. दोन बोटं पसरून झूम करायला सध्या बंदी घाला, कारण जुन्या फोनात ते म्हणजे चित्राचा तुकडा कापून ताणणं असतं. जवळून हवं असेल तर चालत जवळ जायचं. फ्लॅशही बंद ठेवा.

चोवीस फोटोंचा रोल

फिल्मच्या कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरचा रोल घालत, त्यात साधारण २४ किंवा ३६ फोटो निघत, आणि रोल धुऊन येईपर्यंत काय आलंय ते कळत नसे. हाच नियम घरी लावा. एक विषय द्या: 'गोल', 'हात', 'कोपरे', 'निळं', 'घरातलं सगळ्यात जुनं'. एकूण २४ फोटो. मधे एकही उघडून बघायचा नाही, एकही पुसायचा नाही. कागदावर २४ चौकोन आखून द्या आणि प्रत्येक फोटोनंतर एकावर फुली. पहिले दहा-बारा फोटो भसाभस संपतात. मग मूल कागदाकडे बघतं, उरलेले चौकोन मोजतं आणि हात सावकाश चालू लागतो. या खेळातून हवं आहे ते एवढंच.

नंतर दोघांनी मिळून बघायला बसा, जमलं तर मोठ्या स्क्रीनवर. मुलाने तीन फोटो निवडायचे आणि ते का निवडले ते सांगायचं. तुम्हीही तीन निवडा, पण आकडे चिठ्ठीवर लिहून झाकून ठेवा. मुलाचं बोलून झाल्यावर चिठ्ठी उघडायची. दोघांची निवड क्वचितच जुळते आणि तिथे खरी चर्चा सुरू होते. 'छान' हा शब्द शक्यतो वापरू नका, त्यातून मुलाला काहीच हाती लागत नाही. काय दिसलं ते सांगा: 'या फोटोत माझी नजर आधी मागच्या बादलीकडे गेली.' ती बादलीकडे जावी असं मुलाला वाटत होतं का? नसेल, तर पुढच्या वेळी काय करायचं ते त्याचं त्यालाच सुचेल. आणि मुलाने तुम्हाला वाया गेलेला वाटणारा, हललेला फोटोच तीनांत घेतला, तर घेऊ द्या. त्याला त्यात वेग दिसत असेल.

याच खेळाचा दुसरा प्रकार: एकच वस्तू, समजा एक खुर्ची, आणि दहा फोटो, प्रत्येक वेगळ्या जागेवरून. चार-पाचांनंतर मुलं अडकतात. अडकू द्या. त्यानंतरच ती जमिनीवर आडवी होतात, स्टुलावर चढतात, खुर्चीच्या जाळीतून आरपार बघतात.

प्रकाश

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. फोटो बरा-वाईट ठरण्यात कॅमेऱ्याचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा कमी असतो आणि उजेडाचा जास्त.

दिवसा खोलीतले सगळे दिवे बंद करा आणि कुणाला तरी खिडकीजवळ बसवा. पहिला फोटो चेहरा खिडकीकडे आणि फोटो काढणारा खिडकीला पाठ करून. चेहरा स्वच्छ दिसतो, पण जरा सपाट. दुसरा फोटो खिडकी एका बाजूला ठेवून. आता अर्धा चेहरा उजळ, अर्धा सावलीत, नाक उठून दिसतं, सुरकुत्या दिसतात. तिसरा खिडकी पाठीमागे ठेवून. चेहरा काळा पडतो, उरते नुसती आकृती. आता मुलाला स्क्रीनवर त्या काळ्या चेहऱ्यावर बोट टेकवायला सांगा. फोन त्या जागेचा उजेड मोजतो, चेहरा उजळतो आणि खिडकी पांढरीफटक होते. बोट खिडकीवर टेकवलं की उलट. नवे फोन दोन्ही सांभाळायचा प्रयत्न करतात, जुन्या फोनात हा फरक ठळक दिसतो, म्हणूनही जुना फोन बरा. चेहरा दिसायला हवा की खिडकीबाहेरचं झाड, हे फोनला माहीत नसतं, ते आपण ठरवायचं असतं.

बोट तसंच दाबून धरलं की बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. हे लॉक करणं हाताला सवयीचं होऊ द्या, पुढे व्हिडिओत आणि स्टॉप मोशनमध्ये त्याच्यावाचून अडेल.

बाजूने उजेड असताना सावलीच्या अंगाला एक मोठा पांढरा पुठ्ठा धरा. सावली हळूच उजळते. स्टुडिओतला रिफ्लेक्टर हेच करतो. मग तिथेच काळा पुठ्ठा धरा, सावली आणखी गडद होते. मुलं पुठ्ठा पुढे-मागे करत बराच वेळ रमतात, तोवर तुम्ही गप्प बसा.

दिवे बंद का करायचे? दिवसाचा उजेड दिव्यापेक्षा निळसर असतो, पिवळा दिवा त्यात मिसळला की अर्धा चेहरा एका रंगाचा आणि अर्धा दुसऱ्या रंगाचा दिसतो. आपला मेंदू हा फरक झाकून टाकतो, कॅमेरा झाकत नाही. आधी मुलाला विचारा, 'दोन्हीकडचा उजेड सारखाच आहे ना?' आणि मग फोटो दाखवा.

रात्रीचा खेळ टॉर्चचा. अंधाऱ्या खोलीत टेबलावर एखादं खेळणं ठेवा. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून स्थिर करा. टॉर्च खालून मारला की तेच खेळणं भीतिदायक दिसतं, मागून मारला की कडेला उजेडाची रेघ उमटते. टॉर्च जवळ आणला की भिंतीवरची सावली राक्षसाएवढी होते. टॉर्चपुढे अर्धपारदर्शक कागद धरला की सावलीच्या कडा मऊ होतात, कारण आता उजेड एका बिंदूतून न येता अख्ख्या कागदातून येतो. ढगाळ दिवशी सावल्या पुसट का असतात, याचं उत्तरही इथेच मिळतं.

घरात पळणारं कुणी फोटोत हमखास हललेलं येतं, उन्हात येत नाही. उजेड कमी असला की कॅमेऱ्याला तो जास्त वेळ गोळा करावा लागतो, आणि तेवढ्या वेळात पळणारा पुढे गेलेला असतो. मुलाला एकदा दोन्हीकडे फोटो काढून बघू द्या.

चौकट

फोन बाजूला ठेवा. पुठ्ठ्याच्या मधोमध १६ बाय ९ सेंटिमीटरचा आयत कापा. मुलाने एक डोळा मिटून त्यातून बघत घरभर फिरायचं. पुठ्ठा डोळ्याजवळ धरला की खूप काही मावतं, हात लांब केला की थोडंच. लेन्स बदलल्यावर काय होतं, ते न सांगता समजतं.

ग्रिडच्या रेघांवर, म्हणजे चौकटीच्या एक तृतीयांशावर विषय ठेवावा, हा नियम प्रत्येक जण पहिल्याच दिवशी सांगतो. मी तो उशिरा सांगण्याच्या मताचा आहे. लवकर सांगितला की मुलं रेघेवर डोकं बसवण्यात गुंततात आणि समोरचं बघायचं विसरतात. त्याऐवजी एक सवय लावा: बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवायची. कुणाचा पाय घोट्यात कापला गेलाय का? डोक्यातून खांब उगवलाय का? कोपऱ्यात नको असलेली पिशवी आहे का? असेल तर पिशवी हलवायची किंवा आपण हलायचं. कुणी उजवीकडे बघत असेल तर त्या बाजूला थोडी जागा मोकळी सोडली की बरं वाटतं. आणि लहान मूल, मांजर, कुंडीतलं रोप यांचे फोटो त्यांच्या उंचीला उतरून काढायचे. मुलांना हे आपल्यापेक्षा सोपं जातं.

तीन फोटोंत गोष्ट

फोटोकडून फिल्मकडे जायचा हा पूल. मुलाला सांगा, तीनच फोटोंत काहीतरी घडलं पाहिजे: आधी, मधे, नंतर. टेबलाच्या कडेला चेंडू, रिकामं टेबल, टेबलाखाली मांजर आणि चेंडू. मधलं जे घडलं ते फोटोत नाही, तरी ते कळलं. तिन्ही फोटो घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला गोष्ट माहीत नाही, आणि त्याला सांगायला लावा. त्याने भलतंच सांगितलं तर कुठला फोटो बदलावा ते मुलाने ठरवायचं.

मग क्रम बदलून बघा. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभरएक वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या भांड्याआधी, कधी शवपेटीआधी जोडून दाखवला. बघणाऱ्यांना तोच चेहरा एकदा भुकेला आणि एकदा दुःखी वाटला, असं सांगितलं जातं. घरी हे सहज करता येतं. भावंडाचा काहीच भाव नसलेला एक फोटो घ्या. त्याच्यापुढे एकदा झोपलेलं मांजर, एकदा फुटलेला कप, एकदा अंधारा जिना ठेवा. प्रत्येक वेळी विचारा, 'याला काय वाटतंय?'

एक मिनिट, कॅमेरा न हलवता

सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून फिल्म दाखवल्या, त्यातली प्रत्येक जेमतेम ५० सेकंदांची होती. एकच शॉट, म्हणजे न थांबता घेतलेला एकच तुकडा, कॅमेरा एका जागी, आवाज नाही. त्यांच्या यंत्रात फिल्मच तेवढी मावत असे. मुलाची पहिली फिल्म याच मापाची असू द्या. फोन आडवा धरून टेकवायचा, एक मिनिट रेकॉर्ड करायचं, हात लावायचा नाही. फोन कुठे ठेवायचा आणि कधी सुरू करायचं, एवढ्या दोनच गोष्टी ठरवायला उरतात, आणि त्या ठरवायला बराच वेळ लागतो. चौकटीत काहीतरी आत येणारं, बाहेर जाणारं किंवा बदलणारं असावं. पावसात भरत जाणारी बादली, दाराशी उतरणारी-चढणारी माणसं, फुलावर येणारी फुलपाखरं. यायची असली तर.

मुलांचे व्हिडिओ सुरुवातीला गरागरा फिरतात, सगळं दाखवायच्या घाईत काहीच नीट दिसत नाही. 'हलवू नकोस' असं ओरडण्यापेक्षा हा खेळ बरा. टेकवलेल्या कॅमेऱ्याने पाच-सहा फिल्म झाल्या की मूल हातात फोन घेऊनही स्थिर राहू लागतं.

दिव्यांखाली व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो दिव्यांच्या लुकलुकण्याचा परिणाम. खिडकीच्या उजेडात या, किंवा दुसरा दिवा लावून बघा.

पाच शॉट

आता एक साधं काम घ्या: कुणीतरी बुटाची नाडी बांधतंय, कुंडीला पाणी घालतंय, पंक्चर काढतंय. ते पाच शॉटमध्ये दाखवायचं. हातांचा क्लोजअप. चेहऱ्याचा क्लोजअप. हात आणि चेहरा दोन्ही दिसतील असा मध्यम शॉट. काम करणाऱ्याच्या खांद्यामागून, त्याला दिसतं तसं. पाचवा मुलाच्या मर्जीचा. प्रत्येक शॉट दहा सेकंदांचा. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर मनात तीन मोजायचं आणि मगच 'ॲक्शन' म्हणायचं. संपल्यावरही तीन मोजून बंद करायचं. हे आगचे-मागचे सेकंद एडिटिंगला लागतात.

एडिटिंग अजून शिकवलं नसेल तर शॉट ज्या क्रमाने दिसायला हवेत त्याच क्रमाने घ्यायचे आणि गॅलरीत एकामागोमाग बघायचे. कॅमेऱ्यातच जोडणी झाली.

इथे एक गोम लवकर समोर येते. मुलगी चालत उजवीकडून चौकटीबाहेर गेली आणि पुढच्या शॉटमध्ये उजवीकडूनच आत आली, तर ती परत आली असं वाटतं. ती पुढे गेली असं दाखवायचं तर तिला डावीकडून आत आणायचं. दोघं बोलत असतील तर त्या दोघांमध्ये जमिनीवर एक रेघ आहे असं धरा आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. नाहीतर दोघंही एकाच दिशेला बघत बोलताना दिसतात. आधी चूक शूट करू द्या, बघताना मुलाला काहीतरी खटकेल, मग रेघ समजवा.

स्टॉप मोशन

आवडीच्या बाबतीत सगळ्यांवर मात करणारा प्रकार हाच. वस्तू किंचित सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. फोटो भरभर दाखवले की वस्तू आपणहून चालते. सिनेमाला सेकंदाला २४ चित्रं लागतात, घरच्या स्टॉप मोशनला १२ पुरतात. म्हणजे पाच सेकंदांना ६० फोटो. हा हिशेब मुलाकडूनच करून घ्या, मोठमोठ्या युद्धकथांचे बेत आपोआप आटोपशीर होतात.

तयारीत कंजुषी करू नका. फोन पुस्तकांत घट्ट अडकवून टेपने चिकटवा. टेबलही हलणारं नको. पडदे ओढून एकच दिवा लावा, कारण खिडकीचा उजेड तासाभरात बदलतो आणि फिल्म लुकलुकते. फोकस आणि उजेड लॉक करा. काम करणाऱ्याने गडद कपडे घातलेले बरे, पांढऱ्या शर्टावरून उजेड उसळून टेबलावर नाचतो. फोटो काढताना फोनला हात लागून तो हलतो, म्हणून टायमर किंवा तारेच्या इअरफोनचं बटण वापरता आलं तर पाहा. 'स्टॉप मोशन स्टुडिओ' या ॲपची मोफत आवृत्ती अँड्रॉइडवर आणि आयफोनवरही आहे. त्यात मागचा फोटो पुसट दिसत राहतो, त्यामुळे किती सरकवलं ते कळतं.

पात्रं म्हणून बटणं, ठोकळे, कागदाचे कापलेले आकार घ्या. माती नंतर. पहिल्या दिवशी एकच काम: बटण टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचं. सारखंच अंतर सरकवलं तर ते यंत्रासारखं चालतं. निघताना अगदी थोडं, मधे जास्त, थांबताना पुन्हा थोडं सरकवलं की त्यात जीव येतो. हा फरक दोन्ही प्रकारे करून दाखवण्याजोगा आहे.

धीर असलेल्या मुलांसाठी याचाच लांब पल्ल्याचा प्रकार. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, आपला पहिला कथापट करण्याआधी, कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप होताना एकेक फ्रेम टिपली आणि त्याची छोटी फिल्म करून लोकांना दाखवली. त्यावरून त्यांना पुढच्या कामासाठी पैसा उभा करता आला. घरी फोन कायमचा अडकवून ठेवणं शक्य नसतं, म्हणून कुंडीची आणि फोनची जागा जमिनीवर टेपने आखून ठेवा आणि रोज त्याच वेळी, त्याच दिव्यात फोटो काढा. थोडी थरथर राहते. राहू दे.

आवाज

फोनचा माइक जवळचं छान आणि लांबचं वाईट ऐकतो. बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर असला तर ठीक. कॅमेरा लांब ठेवायचा असेल तर दुसऱ्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो फोन बोलणाऱ्याजवळ लपवा आणि सुरुवातीला दोन्ही फोनांना ऐकू जाईल अशी एक टाळी वाजवा. एडिटिंगच्या वेळी टाळीचा आवाज आणि टाळी वाजतानाचं चित्र जुळवलं की बाकीचं जुळतं. शूटिंगपुरता पंखा बंद. शेवटी सगळ्यांनी गप्प राहून त्याच जागेचा अर्धा मिनिट नुसता 'शांत' आवाज घ्या, तुकडे जोडताना मधल्या फटी बुजवायला तो लागतो.

खरी मजा नकली आवाजांत आहे. कडक कागद चुरगाळला की आग तडतडते, करवंट्या आपटल्या की घोडा दौडतो, कातडी हातमोजे फडकवले की पाखरू उडतं. सिनेमावाले हेच करत आले. स्टॉप मोशनमधल्या त्या बटणाला आवाज द्यायला सांगा आणि मुलाला एकटं सोडा.

एडिटिंग

आयफोनवर आयमूव्ही फुकट आहे, कॉम्प्युटरवर शॉटकट आणि केडीएनलाइव्ह. सुरुवातीला मुलाला फक्त दोनच गोष्टी करू द्या: तुकड्याचं पुढचं-मागचं कापणं आणि तुकड्यांचा क्रम लावणं. फिरत, फुटत, वितळत एका चित्रातून दुसऱ्यात जाणारे इफेक्ट पहिल्या दोन-तीन फिल्मपर्यंत बंद. मुलं यावर कुरकुरतात, तेव्हा थोडं निष्ठुर व्हा. फिल्म एक मिनिटाची असेल हे आधीच ठरवा आणि ती दीड मिनिटाची झाली तर काय काढायचं ते मुलाने ठरवायचं. आवडता शॉट काढावा लागला की रुसवा होतो. काढलेला शॉट पुसायचा नाही, वेगळा ठेवायचा, एवढं आश्वासन दिलं की रुसवा निवळतो. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या जरा आधी सुरू केला तर जोड कळत नाही, ही एक युक्ती मोठ्या मुलांना जरूर सांगा.

गाणं टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. कुणाचं तरी ध्वनिमुद्रित गाणं वापरलं तर फिल्म घराबाहेर दाखवताना हक्कांचा प्रश्न येतो. मुलाने डबे बडवून केलेला ताल बेसूर असला तरी तो त्याचा आहे.

दाखवणं, विचारणं, साठवणं

फिल्म पूर्ण झाली की ती दिवे घालवून, मोठ्या स्क्रीनवर, सगळ्यांना बसवून दाखवा. शेवटी नावांची पाटी हवीच, पंखा बंद करणाऱ्याचंसुद्धा नाव घ्या.

फोटो काढण्याआधी समोरच्याला विचारायचं आणि तो नको म्हणाला तर नाही काढायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून. आजीआजोबांनाही लागू आणि मुलाच्या फोटोंसाठी तुम्हालाही. झोपलेल्या माणसाला विचारता येत नाही, म्हणून उठल्यावर विचारायचं आणि नको म्हटलं तर पुसायचं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोसोबत ठिकाण नोंदवायची सोय असते, ती बंद करा. इंटरनेटवर टाकायचा हट्ट झाला तर आधी बघा की त्यात घराचा पत्ता, शाळेचा गणवेश, दुसऱ्यांची मुलं दिसतायत का. दिसत असतील तर ती फिल्म घरातच राहील. आणि त्या दुसऱ्या मुलांच्या पालकांना विचारल्याशिवाय ती गटात पाठवायचीही नाही.

फुल एचडी व्हिडिओच्या एका मिनिटाला फोनच्या सेटिंगप्रमाणे साधारण ६० ते १३० एमबी जागा जाते, त्यामुळे जुना फोन लवकर भरतो. दर आठवड्याला फोटो-व्हिडिओ कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर काढा. फोल्डरला आधी वर्ष, मग महिना आणि मग मुलाने दिलेलं नाव द्या, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. दुसरी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि फोनमधलं पुसण्याआधी त्या प्रतीतले दोन-चार व्हिडिओ उघडून चालतात का ते बघा.